२०२२ मधील डॅलस हवाई प्रात्यक्षिकातील विमानांची टक्कर

१२ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील डॅलस शहरात ‘विंग्ज ओव्हर डॅलस’ या हवाई प्रात्यक्षिकांच्या कार्यक्रमादरम्यान दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील दोन विमानांची आकाशात टक्कर झाली. बोइंग बी-१७जी फ्लाइंग फोर्ट्रेस हे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान आणि बेल पी-६३एफ किंगकोब्रा हे एका इंजिनाचे लढाऊ विमान ही ती दोन विमाने होत. बी-१७ मधील पाच आणि पी-६३ मधील एक असे सहाही जण मृत्युमुखी पडले. जमिनीवरील कोणालाही इजा झाली नाही.

दोन्ही विमाने कमेमोरेटिव्ह एअर फोर्स या एकाच संस्थेकडून चालवली जात होती, एकाच कार्यक्रमात भाग घेत होती आणि एकाच नियंत्रकाच्या सूचना ऐकत होती. त्यामुळे ‘दोघांना एकमेकांची माहितीच नव्हती’ हे हवेतील बहुतेक टकरींना लागू पडणारे स्पष्टीकरण येथे पुरेसे ठरत नव्हते. या अपघातानंतर जुनी लढाऊ विमाने उडवणाऱ्या समुदायात अशा प्रात्यक्षिकांचे नियोजन, त्यातील नियंत्रकाची भूमिका आणि ही विमाने यापुढे उडवावीत की नाहीत, या तीन प्रश्नांवर दीर्घ चर्चा झाली.

पार्श्वभूमी

सैन्याच्या सेवेतून निवृत्त झालेली, परंतु दुरुस्त करून उडण्याजोगी ठेवलेली जुनी लष्करी विमाने इंग्रजीभाषक देशांत ‘वॉरबर्ड’ या नावाने ओळखली जातात. त्यांपैकी बहुसंख्य विमाने दुसऱ्या महायुद्धातील आहेत. युद्ध संपल्यावर हजारो विमाने भंगारात काढण्यात आली. जी वाचली ती टपाल, नकाशे तयार करण्यासाठीची छायाचित्रे, वणवे विझवणे, शर्यती अशा नागरी कामांत वापरली गेल्यामुळे वाचली.

कमेमोरेटिव्ह एअर फोर्सची सुरुवात १९५७ मध्ये टेक्सासमधील मर्सिडीझ या छोट्या गावात झाली. लॉइड नोलेन आणि त्यांच्या काही मित्रांनी मिळून एक पी-५१ मस्टँग विमान विकत घेतले आणि पुढे अशीच इतर विमाने जमवण्यास आरंभ केला. सैन्याकडे या विमानांचे जतन करण्याची कोणतीही योजना नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९६१ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. तिचे मूळ नाव ‘कॉन्फेडरेट एअर फोर्स’ असे होते. अमेरिकी यादवी युद्धातील दक्षिणेकडील राज्यांची आठवण करून देणारे हे नाव २००२ पासून बदलण्यात आले. संस्थेकडे सुमारे १८० विमाने आहेत. ती देशभरातील स्थानिक शाखांकडे सोपवलेली असून त्यांची देखभाल करणारे, ती उडवणारे आणि त्यांच्यासाठी निधी जमवणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात. वैमानिकांमध्ये हवाई कंपन्यांतून किंवा सैन्यातून निवृत्त झालेल्यांचा भरणा मोठा आहे. संस्थेच्या विमानांवर काम करणे हा अनेकांसाठी निवृत्तीनंतरचा छंद नसून दुसरे आयुष्य असते; या अपघाताचे पडसाद इतके खोल उमटण्याचे तेही एक कारण आहे.

‘विंग्ज ओव्हर डॅलस’ हा याच संस्थेचा कार्यक्रम होता. ११ नोव्हेंबर हा दिवस अमेरिकेत माजी सैनिकांच्या सन्मानार्थ पाळला जातो. त्याला जोडून ११ ते १३ नोव्हेंबर असे तीन दिवस डॅलस एक्झिक्युटिव्ह विमानतळावर प्रात्यक्षिके ठेवण्यात आली होती. शहराच्या नैर्ऋत्येला असलेला हा विमानतळ पूर्वी रेडबर्ड या नावाने ओळखला जात असे. अपघात झाला तो कार्यक्रमाचा दुसरा दिवस, शनिवार होता.

टकरीतील विमाने

बी-१७ हे विमान २८ जुलै १९३५ रोजी प्रथम उडाले आणि पुढील दहा वर्षांत त्याच्या विविध आवृत्त्या मिळून १२,७३१ विमाने बनली. जर्मनीवरील दिवसाच्या बाँबहल्ल्यांमुळे ते प्रसिद्ध झाले. युद्धकाळात त्यात दहा जणांचा ताफा असे. पंखांची लांबी सुमारे ३१.६ मीटर होती.

डॅलसमध्ये नष्ट झालेले ‘टेक्सास रेडर्स’ हे विमान युद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील डग्लस कंपनीच्या कारखान्यात बोइंगच्या आराखड्यानुसार बनले होते. त्याने बाँबहल्ल्यात कधी भाग घेतला नाही. ते अमेरिकी नौदलाकडे गेले आणि पोटाखाली मोठे रडार बसवून त्याचा वापर टेहळणीसाठी करण्यात आला. नौदलातून निवृत्त झाल्यावर काही वर्षे ते हवाई सर्वेक्षणाच्या कामात होते. १९६७ मध्ये कमेमोरेटिव्ह एअर फोर्सने ते विकत घेतले. बी-१७ विमान खास जतनासाठी विकत घेण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक मानले जाते. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर त्याला पुन्हा युद्धकालीन रूप देण्यात आले. संस्थेकडे ते ५५ वर्षे होते, म्हणजे सैन्यात जितका काळ काढला त्याच्या कितीतरी पट अधिक. २०२२ मध्ये जगभरात उडण्याच्या स्थितीतील बी-१७ विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती.

पी-६३ किंगकोब्रा हे त्या मानाने कमी परिचित विमान आहे. ७ डिसेंबर १९४२ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले आणि एकूण ३,३०३ विमाने बनली. त्यांतील बहुसंख्य विमाने युद्धकालीन मदत म्हणून सोव्हिएत संघाला देण्यात आली. अमेरिकेने स्वतः त्यांचा लढाईत वापर केला नाही. या विमानाचे इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असून पुढच्या पंख्यापर्यंत फिरणारा लांब दांडा वैमानिकाच्या आसनाखालून जातो. आत शिरण्यासाठी मोटारीसारखे बाजूला उघडणारे दार असते. दारांच्या आणि काचांच्या चौकटींमुळे वैमानिकाची नजर काही ठिकाणी अडते, ही बाब पुढे तपासात महत्त्वाची ठरली. उंच शेपटी असलेल्या ‘एफ’ आवृत्तीची केवळ दोन विमाने बनली होती. डॅलसमधील विमान त्यांपैकी एक.

प्रात्यक्षिकांचे नियम आणि एअर बॉस

अमेरिकेत हवाई प्रात्यक्षिकांसाठी केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाची, म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनची, विशेष परवानगी लागते. परवानगीच्या अटींमध्ये प्रेक्षकांच्या सुरक्षेला सर्वाधिक वजन दिलेले असते. प्रेक्षक जेथे उभे असतात त्या रेषेपासून ठरावीक अंतरावर विमानांसाठी काल्पनिक ‘प्रदर्शन रेषा’ आखल्या जातात. विमान जितके वेगवान, तितकी त्याची रेषा कसरतींच्या वेळी दूर: ५००, १,००० आणि १,५०० फूट अशी ही अंतरे आहेत. विमानाचा वेग आणि वजन प्रेक्षकांच्या दिशेने जाईल अशी कसरत करण्यास मनाई असते. १९८८ मध्ये जर्मनीतील रामस्टाइन येथे इटालियन हवाई दलाच्या पथकातील तीन विमाने एकमेकांवर आदळली. त्यांपैकी एक प्रेक्षकांत कोसळल्याने ७० जणांचा बळी गेला. त्या अपघातानंतर अनेक देशांनी असेच अंतराचे नियम कडक केले. डॅलसमध्ये अवशेष विमानतळाच्या आवारात, शेजारच्या महामार्ग क्रमांक ६७ वर आणि एका दुकानसंकुलाजवळ पडूनही हजारो प्रेक्षकांपैकी कोणी जखमी झाले नाही. प्रेक्षकांना जपण्याचे काम या नियमांनी चोख केले. विमानांना एकमेकांपासून जपण्यासाठी मात्र तितके तपशीलवार नियम नव्हते.

एकट्या वैमानिकाच्या किंवा सराव केलेल्या पथकाच्या कसरती आधी ठरलेल्या आणि मंजूर झालेल्या असतात. जुन्या विमानांच्या एकत्रित फेऱ्यांचे तसे नसते. त्या कार्यक्रमात अनेक प्रकारची विमाने एकामागोमाग प्रेक्षकांसमोरून जातात, वळून परत येतात, आणि मंद बाँबफेकी विमानांच्या आजूबाजूने वेगवान लढाऊ विमाने फिरतात. युद्धातील आकाशाचा आभास निर्माण करणे हा त्यामागचा उद्देश असतो. या सर्व हालचालींचे सूत्रचालन ‘एअर बॉस’ करतो. तो जमिनीवरून रेडिओद्वारे कोणी कोठे वळावे, कोणी कोणाच्या पुढे जावे, कोणी कोणत्या रेषेवर यावे हे सांगतो. त्याचे काम विमानतळावरील नेहमीच्या हवाई वाहतूक नियंत्रकापेक्षा वेगळे आहे. नियंत्रक विमानांना ठरावीक मानकांनुसार एकमेकांपासून दूर ठेवतो. एअर बॉसला ती जवळ आणावी लागतात, कारण दूर गेलेली विमाने प्रेक्षकांना दिसत नाहीत.

टक्कर

दुपारी सुमारे १ वाजून २२ मिनिटांनी आकाशात दोन गट होते. पहिल्या गटात तीन लढाऊ विमाने होती: पुढे दोन पी-५१ मस्टँग आणि तिसऱ्या क्रमांकावर पी-६३. दुसऱ्या गटात पाच बाँबफेकी विमाने असून त्यांचे नेतृत्व ‘टेक्सास रेडर्स’ करत होते. दृश्यमानता चांगली होती.

रेडिओवरील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणातून आणि विमानांनी स्वयंचलितपणे प्रक्षेपित केलेल्या स्थाननोंदींतून पुढील क्रम स्पष्ट झाला. एअर बॉसने दोन्ही गटांना धावपट्टीच्या नैर्ऋत्येला वळून पुन्हा प्रदर्शन क्षेत्रात येण्यास सांगितले. लढाऊ विमानांना त्याने एकामागोमाग अशा रांगेत येण्याची, बाँबफेकी विमानांच्या पुढून जाण्याची आणि ५०० फुटांच्या रेषेजवळून उडण्याची सूचना केली. बाँबफेकी विमानांना १,००० फुटांची रेषा देण्यात आली. म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला लढाऊ विमाने आणि त्यांच्या पलीकडे बाँबफेकी विमाने, अशी मांडणी अपेक्षित होती.

या रेषा प्रदर्शन क्षेत्रात पोहोचल्यावरच लागू होत होत्या. तेथे पोहोचण्यापूर्वीच्या वळणावर दोन्ही गटांचे मार्ग एकमेकांजवळ येत होते आणि दोघांना वेगवेगळी उंची ठरवून दिलेली नव्हती.

लढाऊ विमाने प्रदर्शन क्षेत्राकडे येत असताना पी-६३ डावीकडे कलून वळत होते. त्याच स्थितीत ते बी-१७ च्या डाव्या बाजूवर, पंखाच्या किंचित मागे, आदळले. धक्क्याने बी-१७ चे धड तुटले आणि शेपटीकडील भाग वेगळा झाला. पी-६३ चे हवेतच तुकडे झाले. बी-१७ चा पंखांसह पुढचा भाग खाली येत असताना त्याच्या मध्यभागी आग लागली आणि जमिनीवर आदळताच स्फोट झाला. धावपट्टी क्रमांक ३१ च्या टोकाच्या दक्षिणेला बहुतेक अवशेष सापडले. हे सर्व काही सेकंदांत घडले. कोणालाही हवाई छत्रीचा वापर करण्यास वेळ मिळाला नाही.

उर्वरित कार्यक्रम त्याच वेळी रद्द करण्यात आला. त्या वेळी विमानतळावर सुमारे ४,००० ते ६,००० प्रेक्षक असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. मृतांच्या अनेक सहकाऱ्यांनी आणि त्यांच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी हा अपघात प्रत्यक्ष पाहिला.

तपास

अपघाताचा तपास राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने केला. हे मंडळ नियम बनवत नाही आणि शिक्षाही करत नाही. अपघाताचे कारण शोधणे आणि शिफारशी करणे एवढेच त्याचे काम असते. मंडळाचे सदस्य मायकेल ग्रॅहॅम यांच्या उपस्थितीत १३ नोव्हेंबर रोजी घटनास्थळी काम सुरू झाले. दोन्ही विमानांत उड्डाणाची माहिती किंवा वैमानिककक्षातील आवाज नोंदवणारी यंत्रे नव्हती. अशा जुन्या विमानांना ती बंधनकारक नाहीत. त्यामुळे मंडळाने प्रेक्षकांना त्यांनी घेतलेली छायाचित्रे आणि चित्रफिती पाठवण्याचे आवाहन केले. दोन्ही विमानांतील दिशादर्शक उपकरणे अवशेषांतून काढण्यात आली, परंतु पी-६३ मधील उपकरणात त्या उड्डाणाची नोंद झालेली नव्हती.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. प्राथमिक अहवालात कारणमीमांसा नसते, केवळ निश्चित झालेल्या बाबी दिलेल्या असतात. तरीही त्यातील एका वाक्याने सर्वांचे लक्ष वेधले: उड्डाणापूर्वीच्या बैठकीत किंवा विमाने हवेत असताना दोन गटांना उंचीनुसार वेगळे ठेवण्याविषयी काहीही सांगितले गेले नव्हते.

‘पाहा आणि टाळा’ या तत्त्वाच्या मर्यादा

उंचीचे विभाजन नसेल तर टक्कर टाळण्याची जबाबदारी वैमानिकाच्या नजरेवर येते. विमानचालनात या पद्धतीला ‘पाहा आणि टाळा’ असे म्हटले जाते आणि चांगल्या हवामानातील खासगी उड्डाणे आजही मोठ्या प्रमाणात तिच्यावरच अवलंबून असतात. तिचे दोष बऱ्याच काळापासून ज्ञात आहेत.

टकरीच्या मार्गावर असलेली दोन विमाने सरळ रेषेत आणि स्थिर वेगाने जात असतील, तर प्रत्येकाला दुसरे विमान काचेच्या एकाच जागी स्थिर दिसते. मानवी डोळा हालचाल चटकन टिपतो. न हलणारा ठिपका त्याच्या नजरेतून निसटतो. तो ठिपका बराच वेळ लहानच राहतो आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत झपाट्याने मोठा होतो. शिवाय ज्या जागी तो स्थिर आहे तेथेच काचेची चौकट किंवा पंख असेल, तर तो शेवटपर्यंत दिसतच नाही. वळणाऱ्या विमानात आणखी एक अडचण येते. विमान डावीकडे कलले की त्याचे पोट आणि नाक उजवीकडील व खालील प्रदेश झाकून टाकतात.

लक्ष कोठे आहे, हाही प्रश्न असतो. रांगेतील तिसऱ्या विमानाच्या वैमानिकाला पुढच्या दोन विमानांवर नजर ठेवावी लागते, योग्य प्रदर्शन रेषा जमिनीवर हुडकावी लागते, रेडिओ ऐकावा लागतो आणि वेग व उंची सांभाळावी लागते. बी-१७ च्या वैमानिकांची स्थिती आणखी बिकट होती, कारण मागून येणारे विमान त्यांच्या जागेवरून दिसूच शकत नाही. युद्धकाळात या विमानाच्या शेपटीत आणि बाजूंना बंदूकधारी सैनिक बसत ते याच कारणासाठी.

हवाई समुदायाची प्रतिक्रिया

पहिल्या दिवसांतील प्रतिक्रिया शोकाची होती. संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष हँक कोट्स यांनी अपघाताच्या दिवशीच पत्रकारांना माहिती दिली. विमाने नीट राखलेली होती आणि वैमानिक कडक प्रशिक्षणातून गेलेले अनुभवी स्वयंसेवक होते, असे त्यांनी सांगितले. मृतांची नावे मात्र कुटुंबीयांना कळवल्यानंतरच जाहीर करण्यात आली. डॅलसचे महापौर एरिक जॉन्सन यांनी चित्रफितींची दाहकता लक्षात घेऊन नागरिकांना मृतांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या संघटनेने मृतांपैकी दोघे आपले निवृत्त सदस्य असल्याचे कळवले आणि इतर सदस्यांसाठी समुपदेशनाची सोय केली. आणखी एक मृत स्वयंसेवक ओहायो राज्यात सिव्हिल एअर पेट्रोल या नागरी दलात अधिकारी होता.

टकरीच्या चित्रफिती तासाभरातच जगभर पसरल्या. त्या अनेक कोनांतून घेतलेल्या होत्या, आणि त्यांच्या आधारे वैमानिक, निवृत्त तपासनीस आणि हौशी अभ्यासक यांनी तपास सुरू होण्यापूर्वीच निष्कर्ष मांडण्यास सुरुवात केली. सुरुवातीच्या मतांचा रोख पी-६३ च्या वैमानिकावर होता, कारण चित्रफितीत आदळणारे विमान तेच दिसते. अनुभवी प्रदर्शन वैमानिकांनी याला हरकत घेतली. प्रेक्षकाच्या जागेवरून दोन्ही विमाने स्पष्ट दिसतात, याचा अर्थ ती वैमानिकाला दिसत होती असा होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. एखादी चूक एका व्यक्तीच्या नजरेवर येऊन थांबत असेल, तर त्या व्यक्तीच्या आधीचे संरक्षणाचे थर कोठे गेले, असेही विचारले गेले. प्राथमिक अहवालानंतर चर्चेचा केंद्रबिंदू वैमानिकाकडून नियोजनाकडे सरकला.

उंचीच्या विभाजनावरून समुदायात खरे मतभेद होते. एका गटाच्या मते वेगवेगळ्या वेगाचे दोन गट एकाच चक्रात फिरत असतील, तर त्यांच्यात आधी ठरवलेले उंचीचे अंतर असणे ही किमान अट आहे. रेडिओ बिघडला, सूचना चुकीची ऐकली गेली किंवा कोणी नजरेआड झाले तरी हे अंतर टिकून राहते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की प्रात्यक्षिकाची उंची मुळातच कमी असते, वर ढग असू शकतात आणि खालून जाणाऱ्याला वरच्याची, वरून जाणाऱ्याला खालच्याची नजर चुकते. म्हणून काही एअर बॉस आडव्या अंतरावर, म्हणजे वेगळ्या रेषांवर, भर देत आले होते. या दुसऱ्या युक्तिवादात तथ्य आहे. डॅलसमध्ये मात्र टक्कर झाली ती रेषांवर स्थिरावण्यापूर्वीच्या वळणात, आणि तेथे आडव्या अंतराची हमी देणारे काहीही नव्हते.

एअर बॉसच्या भूमिकेवरील चर्चा अधिक नाजूक होती. हे छोटे क्षेत्र आहे. एअर बॉस, वैमानिक आणि आयोजक एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात आणि अनेकदा एकाच संस्थेतून पुढे आलेले असतात. या परस्परविश्वासावरच कार्यक्रम चालतात. त्याच विश्वासामुळे ‘तो सांगेल तसे करू’ ही पद्धत रुळते आणि लेखी योजनेचा आग्रह धरणारा वैमानिक अडवणूक करणारा वाटू लागतो, असे आत्मपरीक्षण अनेकांनी केले. युरोपातील, विशेषतः ब्रिटनमधील, पद्धतीचा दाखलाही दिला गेला. तेथे कार्यक्रमाच्या उड्डाण संचालकावर आधी आखलेल्या योजनेची जबाबदारी असते आणि २०१५ मध्ये शोरहॅम येथे हॉकर हंटर विमान महामार्गावर कोसळून ११ जण ठार झाल्यानंतर हे नियम अधिक कठोर करण्यात आले.

तिसरा प्रश्न या विमानांनी उडावे की संग्रहालयात स्थिर उभे राहावे, हा होता. तो नवा नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘नाइन-ओ-नाइन’ हे दुसरे बी-१७ विमान कनेक्टिकट राज्यातील ब्रॅडली विमानतळावर उतरताना कोसळून सात जण मरण पावले होते. त्यात पैसे भरून आलेले प्रवासी होते आणि तपासात देखभालीतील उणिवा आढळल्या होत्या. उड्डाणाला विरोध करणाऱ्यांनी या दोन अपघातांना एकत्र जोडले: तीन वर्षांत दोन बी-१७ आणि १३ माणसे. या विमानांचे सुटे भाग आता बनत नाहीत आणि नष्ट झालेले विमान परत मिळत नाही, हा त्यांचा आधार होता. समर्थकांचे उत्तर असे की इंजिनांचा आवाज आणि आकाशातील आकार हाच इतिहासाचा अनुभव असतो. शिवाय विमाने उडवण्याच्या निमित्ताने ती दुरुस्त करण्याची कला पुढच्या पिढीकडे जाते आणि त्यांच्या देखभालीसाठी पैसाही उभा राहतो. ‘टेक्सास रेडर्स’ १९६७ मध्ये वाचले ते कोणीतरी ते उडवू इच्छित होते म्हणूनच, याची आठवण त्यांनी करून दिली. दोन्ही अपघातांची कारणे वेगळी असल्याने त्यांची बेरीज करणे योग्य नाही, हा समर्थकांचा आक्षेप मात्र पुढे अंतिम अहवालाने बळकट केला.

अंतिम अहवाल

डिसेंबर २०२४ मध्ये मंडळाने अंतिम निष्कर्ष जाहीर केले. जेनिफर होमंडी तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष होत्या. विमानांचे वय किंवा यांत्रिक बिघाड यांना कारण म्हटले गेले नाही. विमानांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्यासाठी पुरेशी आणि आधी समजावून सांगितलेली योजना एअर बॉस व आयोजक यांच्याकडे नव्हती. त्याऐवजी ते ऐनवेळी दिल्या जाणाऱ्या सूचनांवर आणि ‘पाहा आणि टाळा’ या पद्धतीवर विसंबून राहिले, असे प्रमुख कारण देण्यात आले. वैमानिकांची एकमेकांना पाहण्याची क्षमता मर्यादित झाली होती, हे दुसरे कारण. त्यासाठी उड्डाणमार्गांची भूमिती, विमानाच्या रचनेमुळे अडलेली दृष्टी, प्रात्यक्षिकाच्या कामाचा ताण आणि मानवी दृष्टीच्या स्वाभाविक मर्यादा या चार बाबी नमूद करण्यात आल्या.

केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाचा वाटाही मंडळाने स्पष्ट केला. मंजूर कसरतींच्या यादीत न मोडणाऱ्या विमानांना वेगळे ठेवण्याची योजना कशी करावी आणि जोखमीचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी प्रशासनाचे मार्गदर्शन उपलब्ध नव्हते. एअर बॉसच्या कामाचे ठरावीक काळाने पुनर्मूल्यांकन करण्याची किंवा प्रत्यक्ष देखरेख ठेवण्याची अटही नव्हती. अहवालाचा हा भाग समुदायाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता. एकाच व्यक्तीला दोष देऊन प्रकरण मिटवण्याची वाट त्याने बंद केली आणि एअर बॉसची जागा ही कौशल्याची असली तरी तिच्यामागे तपासता येईल अशी लेखी योजना हवी, हे मान्य करायला लावले.

तत्सम अपघात

जुन्या लष्करी विमानांच्या हवेतील टकरी दुर्मीळ आहेत, तरी ही पहिली नव्हती. जुलै २००७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे दोन पी-५१ विमाने उतरताना एकमेकांवर आदळून एक वैमानिक मरण पावला. १० जुलै २०११ रोजी इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे स्कायरेडर आणि पी-५१ मस्टँग यांची टक्कर झाली. मस्टँगचा वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरला आणि स्कायरेडर तुटक्या पंखासह धावपट्टीवर परत आणण्यात आले. डॅलसनंतरही अशा घटना घडल्या. १७ सप्टेंबर २०२३ रोजी नेवाडा राज्यातील रिनो येथे हवाई शर्यत संपवून उतरत असलेल्या दोन टी-६ विमानांची टक्कर होऊन दोन्ही वैमानिक ठार झाले. २ जून २०२४ रोजी पोर्तुगालमधील बेजा येथे एका पथकाची दोन याक-५२ विमाने प्रात्यक्षिकादरम्यान आदळली आणि एका वैमानिकाचा मृत्यू झाला.

‘टेक्सास रेडर्स’च्या ऱ्हासानंतर उरलेल्या बी-१७ विमानांपुढे २०२३ मध्ये वेगळीच अडचण उभी राहिली. काही विमानांत पंख जोडणाऱ्या भागांना तडे आणि गंज आढळल्यामुळे केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने सर्व बी-१७ विमानांच्या तपासणीचा आदेश काढला. त्याचा डॅलसच्या टकरीशी संबंध नव्हता, परंतु त्या काळात उडणारी बी-१७ विमाने पूर्वीपेक्षाही कमी झाली.